पूर्ण शाळेचा अभ्यासक्रम बांधताना सुरुवात कुठून? तीन वाटांची तुलना

अभ्यासक्रम समितीची पहिली बैठक बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसते. कोणीतरी फळ्यावर विषयांची यादी लिहितं आणि तासिकांची वाटणी सुरू होते. गणिताला किती, भाषेला किती, चित्रकलेचा तास कोणी सोडायचा? तासाभरात चहाची वेळ होते आणि शाळा नेमकं काय साधायला निघाली आहे हे विचारायचं राहूनच जातं. मूल्यमापनाचा विषय निघतो तो वर्ष सुरू झाल्यावर, वरातीमागून घोडं यावं तसा.

हे काम तुमच्याकडे आलं असेल, तर आधी एवढं ठरवा की आखणी कुठल्या टोकाकडून सुरू करायची. प्रश्न तीनच आहेत: काय साधायचं, त्यासाठी शिकणं कसं रचायचं, आणि साधलं हे ओळखायचं कसं. इंग्लंडने २००७ साली माध्यमिक शाळांचा अभ्यासक्रम नव्याने मांडला तेव्हा सगळं चित्र याच तीन प्रश्नांभोवती एका तक्त्यात बसवलं होतं. तक्ता पाहिला की वाटतं, तिन्ही एकदम हाताळता येतील. प्रत्यक्षात कोणत्या तरी एका प्रश्नाला आधी हात घालावा लागतो आणि पुढची पाच वर्षं त्याचा ठसा शाळेवर राहतो.

तीन वाटा

पहिली वाट उद्दिष्टांची. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली ती चार प्रश्नांत मांडली: हेतू कोणते, ते साधायला अनुभव कोणते, त्यांची रचना कशी, आणि हेतू साधले का याची पडताळणी कशी. अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने ध्येय, उद्दिष्ट, स्पष्टीकरण ही उतरंड कधी ना कधी घोकलेली असते; ती याच घराण्यातली.

दुसरी वाट अध्ययनाची. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७० च्या दशकात पहिल्या वाटेवर सरळ बोट ठेवलं. शिक्षण खरोखर चांगलं झालं तर मूल कुठे पोचेल हे आधी सांगता येत नाही, मग ते आधी लिहून ठेवायचं कशासाठी? त्याऐवजी वर्गात काय घडलं पाहिजे, शिक्षकाने कोणती पथ्यं पाळली पाहिजेत, हे ठरवा. त्यांनी १९६७ पासून चालवलेल्या एका प्रकल्पात १४ ते १६ वर्षांची मुलं युद्ध, कुटुंब, गरिबी अशा वादाच्या विषयांवर पुरावे समोर ठेवून चर्चा करत. शिक्षकाने स्वतःचं मत मांडायचं नाही, तटस्थ अध्यक्ष म्हणून बसायचं. वाचायला सोपं वाटतं. एक तास करून पाहा.

तिसरी वाट पुराव्याची. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये रुळवलेली ही उलटी आखणी. काय साधायचं ते ठरलं की लगेच पाठ काढायचे नाहीत. आधी विचारायचं, हे साधलं असं म्हणायला मी कोणता पुरावा मान्य करेन? तो लिहून झाला की मग पाठ.

पहिली आणि तिसरी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. फरक क्रमाचा आहे, पण तो किरकोळ नाही. टायलर यांच्या मांडणीत पडताळणी चौथ्या क्रमांकावर येते, आणि शाळेच्या कामकाजात चौथा क्रमांक म्हणजे 'वेळ उरला तर'.

एकच ध्येय, तीन दारं

नुसत्या वर्णनावरून निवड होत नाही. म्हणून एक ध्येय घेऊ: 'विद्यार्थी पुरावा पाहून मत बनवेल.' हे तिन्ही दारांतून आत नेलं तर काय होतं?

उद्दिष्टांच्या दारातून नेलं तर त्याच्या पायऱ्या होतात. लहान वर्गात मूल 'मी काय पाहिलं' आणि 'मला काय वाटलं' यांत फरक करतं. मधल्या वर्गात एकाच घटनेची दोन वर्णनं शेजारी ठेवून कुठे जुळतं, कुठे नाही ते शोधतं. वरच्या वर्गात सांगणारा कोण आहे, त्याला काय ठाऊक असू शकतं, असे प्रश्न विचारतं. जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये सुचवलेली सर्पिल रचना ती हीच: तोच विचार दरवर्षी, थोडा अधिक खोलात. पूर्ण शाळेच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. विज्ञान, इतिहास, भाषा कोणी काय उचलायचं हे ठरलेलं असतं आणि वर्षाच्या मध्यावर रुजू झालेल्या शिक्षकालाही आपली पायरी सापडते.

मग घोडं कुठे अडतं? बेरजेत. समजा आठ विषय, दहा इयत्ता आणि प्रत्येकी फक्त बारा उद्दिष्टं. झाली ९६०. एवढी उद्दिष्टं कोणी डोक्यात ठेवू शकत नाही, म्हणून ती कपाटातल्या फाइलमध्ये जातात. शिवाय लिहिताना हात आपोआप सोप्या क्रियापदांकडे वळतो: सांगतो, ओळखतो, यादी करतो. 'पुरावा पाहून मत बनवतो' याचं बघता बघता 'पुराव्याचे तीन प्रकार सांगतो' होतं, आणि ते प्रकार पाठ करून मूल पास होतं. मी अशा एका समितीत होतो. आमचा दस्तऐवज देखणा झाला, बांधणी झाली, वाटप झालं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की वेळापत्रक आम्ही जुनंच ठेवलं होतं, आणि त्यात या सगळ्याला जागाच नव्हती.

अध्ययनाच्या दारातून नेलं तर ध्येयाची भाषाच बदलते. आठवड्यातून एक तास असा, जिथे प्रत्येक विधानाला 'कशावरून?' हा प्रश्न येणार, तो मुलांनी मुलांना विचारायचा, आणि शिक्षकाने उत्तर पुरवायचं नाही. ध्येय इथे वर्गात घडतं, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं राहत नाही. माझ्या मते तिन्हींत मुलांच्या सर्वांत जवळ जाणारी वाट हीच.

पण पूर्ण शाळा बांधायची म्हटली की तिचा सांधा निखळतो. प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गात सुंदर काम करतो आणि एक मूल तीन वर्षांत तीनदा 'पाऊस कसा पडतो' हा प्रकल्प करून बाहेर पडतं, अपूर्णांक मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. ही वाट धरणाऱ्यांनी यावर उपाय शोधले आहेत. अनेक देशांतल्या शाळांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या (आयबी) प्राथमिक कार्यक्रमात विषयांच्या सीमा ओलांडणारी सहा सूत्रं आहेत आणि शाळेने सर्व वर्गांचे घटक एकाच चौकटीत मांडायचे असतात, म्हणजे पुनरुक्ती डोळ्यांना दिसते. फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या आराखड्यात विषय आहेत तसे ठेवले आणि वर्षातून किमान एक बहुविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषय एकत्र आणणारा, घटक प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे असं ठरवलं. सगळं मोडून नवं रचण्याची भीती वाटणाऱ्या शाळेने हा दुसरा नमुना नीट पाहावा.

पुराव्याच्या दारातून नेलं तर आधी एक काम लिहिलं जातं. टप्प्याच्या शेवटी मुलाला एकाच घटनेबद्दलचे तीन परस्परविरोधी मजकूर मिळतील. त्याने आपलं मत, त्याची कारणं, आणि कोणती नवी माहिती मिळाली तर मत बदलेल, हे लिहायचं. गुणदानाचे निकष आधीच ठरलेले. मग चार शिक्षकांनी त्याच पाच वह्या स्वतंत्रपणे तपासायच्या आणि गुण शेजारी ठेवायचे. पहिल्यांदा गुण जुळत नाहीत. त्या न जुळण्यावर होणारी चर्चा मला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा मोलाची वाटते.

या वाटेचा आणखी एक गुण म्हणजे पोकळ ध्येयं इथे उघडी पडतात. 'जबाबदार नागरिक घडवणे' हे वाक्य भिंतीवर शोभतं. पुरावा काय मानणार, असं विचारलं की स्टाफरूममध्ये शांतता पसरते.

धोकाही तिथेच आहे. काम ठरलं की तेच अभ्यासक्रम होऊन बसतं. एखाद्या मोजमापावर निर्णय जितके अवलंबून, तितकं ते मोजमाप आणि ज्यासाठी मोजायचं ती गोष्ट, दोन्ही बिघडतात, असं डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलं होतं. दोन वर्षांत 'तीन मजकुरांचा साचा' तयार होतो आणि मुलं तो भरायला शिकतात. म्हणून काम दरवर्षी बदलायचं, निकष तेच ठेवायचे. याला मेहनत पडते, हे आधीच धरून चला.

शिक्षकांकडून काय मागितलं जातं

उद्दिष्टांची वाट वर्ष सुरू होण्याआधी भरपूर वेळ मागते, नंतर फारसा नाही. अध्ययनाची वाट दर आठवड्याला वेळ मागते, आणि विषयावर पक्की पकड. साहित्य शोधणं आणि चर्चा हाताळणं हे नवख्याचं काम नाही. शिक्षकांच्या विकासाशिवाय अभ्यासक्रमाचा विकास होत नाही, हे स्टेनहाउस बजावत आले ते उगाच नाही. पुराव्याची वाट मागते ती चांगलं काम लिहिण्याची आणि प्रामाणिकपणे तपासण्याची हातोटी. प्रश्नपत्रिका काढण्यात मुरलेल्या शिक्षकालाही ती आपोआप येत नाही.

हिल्डा टाबा यांनी १९६२ साली यातून एक चांगली पळवाट सुचवली. आराखडा वरून खाली उतरवू नका. शिक्षकांना आधी एकेक घटक बनवून वर्गात चालवू द्या, चाललेल्या घटकांवरून मग चौकट उभी करा. वेळ जास्त जातो, पण फाइल कपाटात जात नाही, कारण ती ज्यांनी वापरायची त्यांनीच लिहिलेली असते.

मूल्यमापन: मुलांचं की अभ्यासक्रमाचं?

हा घोळ तिन्ही वाटांवर होतो. आकारिक आणि संकलित हे शब्द आज आपण मुलांच्या चाचण्यांसाठी वापरतो. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला तो मात्र अभ्यासक्रमासारख्या उपक्रमांच्या मूल्यमापनासाठी: घडत असताना दुरुस्तीसाठी तपासणं वेगळं, पूर्ण झाल्यावर निवाडा करणं वेगळं. आपण मुलांना दर महिन्याला तपासतो आणि अभ्यासक्रमाला दहा वर्षांतून एकदा, तेही वरून आदेश आला तर.

अभ्यासक्रम तपासण्याचा एक भारदस्त प्रयत्न अमेरिकेत १९३० च्या दशकात झाला. सुमारे तीस माध्यमिक शाळांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या ठरीव अटींतून मोकळीक देऊन स्वतःचा अभ्यासक्रम रचू दिला. मूल्यमापनाची बाजू टायलर यांच्याकडे होती. पुढे महाविद्यालयात त्या शाळांच्या विद्यार्थ्यांची नेहमीच्या शाळांतल्या तुल्य विद्यार्थ्यांशी जोडी लावून तुलना केली गेली, अशा १,४७५ जोड्या. प्रयोगशील शाळांची मुलं मागे पडली नाहीत. सर्वांत धाडसी बदल केलेल्या शाळांची तर उजवी ठरली. 'बदल केला तर पुढच्या परीक्षेत मुलांचं नुकसान होईल' असं म्हणणाऱ्या पालकांसमोर ठेवायला हे उदाहरण चांगलं आहे.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्यांना फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्यांची कामगिरी सुधारली. अभिप्रायासोबत गुणही मिळाले तेव्हा तो फायदा दिसला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही, हे शिक्षकाला सांगायला नको. तरी प्रगतिपुस्तकात दोन्ही शेजारी छापण्याचा मोह आपल्याला आवरत नाही.

तुमच्या शाळेला कोणती?

शिक्षक वारंवार बदलत असतील तर उद्दिष्टांची वाट, पण आवळून. प्रत्येक विषयाला एका टप्प्यासाठी तीन-चार उद्दिष्टं, त्याहून जास्त नाहीत. शाळा लहान, शिक्षक अनुभवी आणि टिकून राहिलेले असतील तर अध्ययनाची वाट, सोबत कोणत्या वर्गात काय झालं याचा एकच मोठा तक्ता सर्वांना दिसेल असा. ध्येयं भिंतीवर आहेत आणि त्यावर कोणाचाच विश्वास उरलेला नाही, अशी अवस्था असेल तर पुराव्याची. वरच्या वर्गांच्या मानेवर बाहेरची परीक्षा बसलेली असेल तर कोणतीही वाट मधल्या वर्गांपासून सुरू करा. वर हात घालायला नंतर वेळ आहे.

मला स्वतःला निवडायला सांगितलं तर मी पूर्ण शाळेसाठी जास्तीत जास्त पाच ध्येयं लिहीन, टप्प्याच्या शेवटी काय पुरावा मागायचा ते ठरवीन, आणि मधले पाठ शिक्षकांवर सोडीन. म्हणजे दोन्ही टोकं घट्ट, मधला दोर सैल. एक खबरदारी: हे पाचही ध्येयांना एकदम लावायचं नाही. पहिल्या वर्षी एक ध्येय, सलग दोन इयत्ता आणि तीन विषय पुरेत.

आणि बैठकीला येताना या आठवड्याचं चालू वेळापत्रक घेऊन या. निवडलेलं ध्येय त्यातल्या कोणत्या तासिकेत घडतं, तिथे खूण करा. एकही खूण झाली नाही, तर कोणाचा तास सोडायचा हे भांडण आत्ताच होऊ द्या. चित्रकलेच्या शिक्षकांना मात्र या वेळी आधी बोलू द्या.