धडगाव ते यावल, एक सामायिक दप्तर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सातपुड्याच्या कुशीतल्या तालुक्यांत वनहक्क (जंगलात राहणाऱ्यांचा तिथल्या जमिनीवर आणि वनसंपत्तीवर कायद्याने मानलेला हक्क), माहितीचा अधिकार आणि ग्रामसभा या विषयांवर काम करणाऱ्या आम्हा चाळीसेक कार्यकर्त्यांनी गेल्या दिवाळीनंतर टेलिग्रामवर एक सामायिक गट उभा केला आणि त्याला आम्ही ‘दप्तर’ म्हणू लागलो. त्याआधी शहादा, शिरपूर, चोपडा अशा प्रत्येक भागाचे वेगवेगळे व्हॉट्सअ‍ॅप गट होते. धडगावच्या कार्यकर्त्याने दोन रात्री जागून तयार केलेला अर्ज यावलच्या कार्यकर्त्याला ठाऊक नसे आणि तोच अर्ज तिथे पुन्हा नव्याने लिहिला जाई. ही दुप्पट मेहनत वाचावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता.

टेलिग्राम निवडण्याची कारणे साधी होती. उशिरा आलेल्या सदस्यालाही जुने संदेश वाचता येतात, विषयवार कप्पे करता येतात, आणि आपला फोन क्रमांक इतरांपासून लपवता येतो. तिसरी सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण गावपातळीवर काम करणाऱ्या माणसाचा क्रमांक अनोळखी हातांत जाणे त्याला महागात पडू शकते. मात्र टेलिग्रामच्या गटातले संदेश व्हॉट्सअ‍ॅपप्रमाणे दोन्ही टोकांना कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाच वाचता येऊ नयेत असे, नसतात. त्यामुळे दावेदारांची, म्हणजे वनहक्कासाठी अर्ज करणाऱ्यांची, नावे, आधार क्रमांक आणि चालू वादांचे तपशील येथे ठेवायचे नाहीत, असे आम्ही ठरवले. हा नियम आम्हाला दुसऱ्या महिन्यात सुचला, तोही एका कुटुंबाचा संपूर्ण दावा आमच्यातल्याच एकाने जसाच्या तसा टाकल्यावर. तो आम्ही लगेच काढला आणि त्या कुटुंबाच्या घरी जाऊन झाले ते सांगितले. आता नावे झाकल्याशिवाय एकही कागद आत येत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत आम्ही कागद गोळा करण्याचा सपाटा लावला आणि ती चूक ठरली. वनहक्क कायदा २००६चा, त्याचे नियम २००८चे आणि त्यांत मोठी दुरुस्ती झाली २०१२मध्ये. आमच्याकडे या नियमांच्या निरनिराळ्या वर्षांच्या प्रती एकाच कप्प्यात पडल्या होत्या. सामूहिक वनसंपत्तीच्या, म्हणजे गावाने मिळून राखायच्या जंगलाच्या, दाव्याचा स्वतंत्र नमुना २०१२च्या दुरुस्तीने आला. एका गावाच्या वनहक्क समितीने आमच्याच कप्प्यातली जुनी प्रत उघडली, तिला तो नमुना सापडलाच नाही आणि तिचे काही आठवडे वाया गेले. तेव्हापासून प्रत्येक कागदावर तारीख आणि एका सांभाळकर्त्याचे नाव असते. ज्या कागदाचा सांभाळ करायला कोणी पुढे येत नाही, तो आम्ही ठेवत नाही. संग्रह निम्म्याहून लहान झाला आणि तेव्हाच तो खऱ्या अर्थाने वापरात आला.

सर्वांत जास्त उघडला जाणारा कप्पा मात्र आम्ही आधी योजलेलाच नव्हता. तो आहे फेटाळलेल्या अर्जांचा. कोरा नमुना कुठेही मिळतो, पण भरलेला, नाकारला गेलेला आणि नाकारण्याचे कारण सोबत जोडलेला अर्ज कार्यकर्त्याला जे शिकवतो, ते शिबिरात शिकवता येत नाही. ‘उपग्रह चित्रात शेती दिसत नाही’ एवढ्यावर नाकारलेला एक दावा असाच येथे आला. उपग्रह चित्र हा इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी धरायचा नाही, असे नियमच सांगतात, हे दुसऱ्या तालुक्यातल्या सहकाऱ्याने नेमक्या उताऱ्यासह दाखवले. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाण्यासाठी ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत अपील दाखल झाले, आणि त्याचा नावे झाकलेला मसुदा आता त्याच कप्प्यात आहे. माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जांचेही तसेच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांत असावा लागतो, हे आमच्यातल्या कित्येकांना आपला तीन पानी अर्ज परत आल्यावरच कळले होते.

भाषेचा प्रश्न आम्ही कमी लेखला होता. दप्तर मराठीत, आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांची बोली पावरी, भिली किंवा अहिराणी. एका तरुण सदस्याने वनहक्काच्या कामासाठीच्या ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम, म्हणजे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, पावरीत बोलून तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश टाकला. तो आमच्या कोणत्याही पीडीएफपेक्षा दूर गेला. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या लोकांनी तो पडावावर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, ऐकला. होळीला माणसे गावी परततात, तेव्हाच निम्मी हजेरी शक्य असते, म्हणून सभेची तारीख त्या सुमारास धरावी, ही सूचनाही तिकडूनच आली. डोंगरातल्या पाड्यांवर टेकडीवर चढल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. त्यामुळे मोठ्या फाइली लहान करून टाकणे आणि ध्वनिसंदेश तीन मिनिटांच्या आत ठेवणे, हे दोन्ही आम्ही काटेकोरपणे पाळतो.

ज्या कार्यकर्त्यांना असे दप्तर उभे करायचे आहे, त्यांनी आधी चार-पाच सांभाळकर्ते नक्की करावेत आणि अ‍ॅपचा विचार नंतर करावा, असे मी सुचवीन. आमच्याकडे हे काम तिघांवर पडले आणि पेरणीच्या दिवसांत पंधरवडाभर एकाही प्रश्नाला उत्तर गेले नाही. मला मनापासून खुपणारी उणीव मात्र वेगळी आहे. वनहक्काचा वैयक्तिक पट्टा (हक्काचा दस्तऐवज) पती आणि पत्नी दोघांच्या नावे होतो, तरी आमच्या गटात स्त्रिया मोजक्याच आहेत, कारण घरातला एकुलता फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. गेल्या महिन्यापासून आम्ही सर्वाधिक उपयोगी पडलेले दहा कागद छापून आठवडे बाजारात नेऊ लागलो आहोत. तिथे दोन सहकारी बहिणी ते पावरीत वाचून दाखवतात आणि बायकांनी विचारलेले प्रश्न लिहून घेऊन संध्याकाळी दप्तरात टाकतात.