मेल्लत की पान-इराणिस्ट?

इराणवर निबंध लिहिणारी भाची अडली होती: मेल्लत पक्ष घेऊ की पान-इराणिस्ट? हे इराणचे दोन राष्ट्रवादी पक्ष. दोन्ही एकाच चळवळीतून निघालेले, १९५१च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या.

निष्ठा पाहा. मेल्लतचे नेते दारयूश फुरूहर पंतप्रधान मोसद्देगांसोबत राहिले, राजा शाहच्या तुरुंगात गेले, १९७९ मध्ये क्रांतीनंतर कामगारमंत्री झाले. पान-इराणिस्टचे नेते मोहसेन पेझेश्कपूर शाहच्या बाजूचे, तरी १९७० मध्ये बहरीनवरचा इराणचा दावा सोडायला मजलिसमध्ये (संसदेत) विरोध त्यांनीच केला. ते धाडसच.

किंमत? २२ नोव्हेंबर १९९८ला फुरूहर आणि पत्नी परवानेह यांना तेहरानच्या राहत्या घरात भोसकून मारलं. मारेकरी गुप्तचर मंत्रालयातलेच होते, हे त्या मंत्रालयालाच कबूल करावं लागलं. हे वाचताना आजही जीव कळवळतो.

सीमांचा राष्ट्रवाद अभ्यासायचा तर पान-इराणिस्ट घे. शाहची आणि क्रांतीनंतरची, अशा दोन्ही राजवटींना विरोध करणाऱ्यांचं काय होतं ते समजून घ्यायचं असेल, तर मेल्लतच.