पीसीओएससाठी भाकर, हरभरा आणि तर्री पोहे: काही महिने चालवल्यावर

पीसीओएस म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होणं, चेहऱ्यावर केस येणं असा बायकांचा त्रास. आधी निकाल सांगून टाकते: हा आहार टिकतो, कारण त्यात नागपूरच्या घरात नसतं असं काहीच लागत नाही. किनोआ आणि महागड्या 'पीसीओएस पावडरी' यांच्यावाचून काही अडत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही कुठलाच एक आहार सरस ठरवलेला नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो.

सगळ्यात जास्त फायदा नाश्ता बदलल्याने होतो. ठेल्यावरच्या प्लेटीत पोह्यांचा ढीग, हरभरे मोजके आणि वर तेलाचा तवंग. घरी प्रमाण फिरवायचं: माणशी ४० ग्रॅम कोरडे पोहे आणि ३० ग्रॅम काळे हरभरे, रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवलेले. हरभऱ्यातून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. जोडीला उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही घेतलं की अकरा वाजता बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही. तर्रीला माणशी एक चमचा तेल पुरतं. तेल तापलं की गॅस बंद करून मगच तिखट टाका, लगेच हरभऱ्याचं पाणी ओता. तिखट जळलं तर रंगही जातो आणि चवही. वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू.

भाकरीत मात्र बहुतेकींचं गणित चुकतं. ज्वारी 'चालते' म्हणून तीन-तीन भाकरी होतात आणि वरण पाण्यासारखं. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. जेवणाला एक, फार तर दीड; सोबत ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा ४० ग्रॅम बेसनाचा झुणका, आणि अर्धं ताट भाजी. भात सोडायची गरज नाही, पण भात असेल त्या जेवणाला भाकर नाही. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची भाकर थापताना कडेला फाटते, मग कंटाळून रोज पोळ्याच होतात.

जवस भाजून कुटूनच खा, अख्खे तसेच बाहेर पडतात. दिवसाला एक मोठा चमचा पुरे. कुटलेले जवस आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर लवकर खवट होतात, फ्रिजात ठेवा. हरभरे आणि जवस एकदम वाढवले तर पोट फुगतं. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

संत्रं सोलून खा. ग्लासभर रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा फेकला जातो. पन्ह्यातला गूळही साखरच, त्यापेक्षा मठ्ठा बरा. सावजीला पर्याय सुचवत नाही: कमी तेलाचं सावजी हे सावजी नव्हेच, क्वचित खा आणि खरंच खा.

आता उणी बाजू. चेहऱ्यावरचे केस नुसत्या आहाराने फारसे हटत नाहीत. औषधानेही सहा महिने सहज लागतात. वजनकाटा हलत नसेल तर कंबर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. मेटफॉर्मिन (पीसीओएसमध्येही देतात ते मधुमेहाचं औषध) सुरू असेल तर जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. पाळी ९० दिवसांच्या वर लांबली तर आहारावर विसंबून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पाळी रुळावर येऊ लागली की दिवस राहण्याची शक्यताही वाढते. मूल इतक्यात नको असेल तर त्याबद्दलही डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.