फ्लूची लस: नाकात फवारा की दंडात सुई?

सुई पाहून भोकाड पसरणारं पोर घरात असलं की नाकात मारायच्या लशीचं नाव ऐकूनच हायसं वाटतं. पण निवड रडण्यावरून करू नका. दोन्ही लशींच्या आतला मालच वेगळा आहे.

दंडात देतात ती बहुतेकदा मारलेल्या विषाणूची. फवाऱ्यातला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. मिशिगन विद्यापीठात हुनेन मासाब यांनी १९६० सालचा एक फ्लूचा विषाणू टप्प्याटप्प्याने थंड करत २५ अंश सेल्सिअसवर वाढायला शिकवला. परिणाम असा, की तो नाकाच्या गारव्यात वाढतो, पण फुप्फुसांच्या उबेत त्याचं काही चालत नाही. त्यातून अमेरिकेत २००३ मध्ये ‘फ्लूमिस्ट’ आली. रशियात लेनिनग्राडच्या विषाणूवर असंच काम झालं होतं. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तोच वाण वापरून २०१० मध्ये ‘नेझोवॅक’ काढली.

जिवंत विषाणूमुळे शिरकावाच्या जागीच, नाकात, संरक्षण तयार होतं. हा फवाऱ्याचा खरा फायदा. पथ्यंही त्यामुळेच. फ्लूमिस्ट २ ते ४९ वर्षांच्यांनाच देतात. गरोदर बाई, प्रतिकारशक्ती खचलेला माणूस, दम्याचं किंवा छातीत घरघर होणारं चार वर्षांपर्यंतचं मूल यांना ती नको. आजीआजोबांनाही सुईच. सहा महिन्यांच्या बाळापासून सगळ्यांना चालते ती सुई, म्हणून घरात एकच लस सर्वांना द्यायची असेल तर प्रश्नच मिटतो.

गुणाचं म्हणाल, तर फवाऱ्याचा हिशेब वर-खाली आहे. मुलांना वाचवायला तो फार कमी पडतोय असं दिसल्यावर अमेरिकेने २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन हंगामांत तो वापरू नका असं सांगितलं. त्यातला एच१एन१ चा, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूचा, वाण बदलल्यावर २०१८-१९ पासून तो पुन्हा वापरात आणला. ब्रिटनने मात्र मुलांसाठी तो सोडला नाही. तिकडच्या मराठी पालकांनी एक लक्षात ठेवावं: त्यात डुकराचं जिलेटिन असतं. चालत नसेल तर सुईची लस मागता येते.

दोन वर्षांवरचं, धडधाकट, सुईला घाबरणारं मूल असेल तर मी फवाराच घेईन. नाक चोंदलेलं असेल तर मात्र थांबेन. दिल्यावर लगेच शिंक आली तर घाबरू नका, डोस परत द्यावा लागत नाही.