घाणेरीचं रान साफ करायला ट्रकच्या पाट्याची कुदळ: घिसाडी लोहाराकडून घडवून घेतलेली, वापरून बघितल्यावर

आधीच सांगते, ज्यांची जमीन बरीच वर्षं पड आहे, घाणेरी (काटेरी झुडूप, लँटाना) आणि हरळीने गच्च भरलीये आणि क्षेत्र अर्ध्या एकराच्या आतलं आहे, त्यांनी जेसीबीवाल्याला फोन करायच्या आधी एक चांगली कुदळ घ्यावी. आणि ती दुकानातून उचलून आणू नका, समोर बसून घडवून घ्या.

आमचा तुकडा भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, दहा गुंठे. तांबडी मुरमाड माती, वरून थोडा उतार. सासरे गेल्यानंतर तिथे कोणी शेती केलीच नाही, त्यामुळे बांध कुठे आणि रान कुठे हेच कळत नव्हतं, घाणेरी डोक्याच्या वर गेलेली, मधे मधे रानमोडी, मोकळ्या जागेत गाजर गवत आणि खाली सगळीकडे हरळी. गावातल्या एकाने ब्रश कटर फिरवून दिला होता, दिसायला स्वच्छ झालं पण घाणेरी वरून कापली की बुडख्यातून चार फांद्यांच्या जागी दहा येतात, एका पावसाळ्यात होतं त्यापेक्षा दाट झालं. जेसीबीने मुळं निघतात हे खरं, पण आमच्यासारख्या जमिनीत वरची सुपीक माती मुळात वीतभर, ती बकेटबरोबर निघून बांधावर जाऊन पडते आणि खाली नुसता मुरूम उरतो, मग तिथे लावणार काय?

तर कुदळ. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी लोहारांची पालं पडतात, तिथे घेतली. यांच्याकडे माल तयार नसतो असं नाही, चार-सहा कुदळी, विळे, खुरपी मांडलेली असतात, पण मी सांगून करून घेतली. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला त्यांनी. हे स्टील स्प्रिंगचं असतं त्यामुळे धार धरतं आणि वाकत नाही, बाजारात रंग मारून मिळणाऱ्या स्वस्त कुदळी बऱ्याचदा साध्या मऊ लोखंडी पट्टीच्या असतात आणि वर पाइपचा तुकडा वेल्डिंग केलेला असतो, शेजारच्यांनी ऑनलाइन मागवलेली तसलीच निघाली, दगडावर बसल्यावर पात्याचं टोक मुडपलं आणि थोड्या दिवसांनी वेल्डिंगच सुटलं. माझ्या कुदळीला दांड्याचं भोक त्याच लोखंडात तापवून पाडलेलं आहे, जोड कुठेच नाही.

घडवताना बघण्यासारखं असतं, खरंच अर्धा तास काढून बघाच. नवरा ऐरणीवर सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारते, तो छोट्या हातोडीने जिथे टोला देईल नेमका तिथेच तिचा घण पडतो, न बोलता. त्या बाईंच्या हाताचा अंदाज बघून मला तर भरून आलं. शेवटी धारेला पाणी देतात, म्हणजे ती कडक करतात, ती पायरी सगळ्यात महत्त्वाची. अख्खं पातं बुडवत नाहीत, फक्त धारेकडचा भाग तापवून पाण्यात टेकवतात, बाहेर काढून जरा घासतात आणि मागची उष्णता पुढे सरकताना लोखंडावर पिवळसर मग निळसर रंग चढतो, तो हवा तेवढा आला की परत पाण्यात. पाणी जास्त झालं तर धार दगडावर कपचा उडून तुटते, कमी झालं तर मऊ राहते. आपली जमीन कशी आहे ते त्यांना आधी सांगा, मुरमाड सांगितलं तर ते जरा कमी कडक ठेवतात. हा सल्ला कुठल्याही दुकानदाराने मला दिला नसता.

पातं धारेकडे साधारण चार बोटं रुंद, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. टिकावापेक्षा रुंद आणि फावड्यापेक्षा खूपच जाड. टिकाव खडकाळ जागेत चालतो पण मुळं त्याच्या टोकाला लागतच नाहीत, बाजूने सटकतो. फावडं सुटी माती ओढायला ठीक, खणायला नाही. कुदळीचं पातं दांड्याशी काटकोनापेक्षा थोडं आत झुकलेलं हवं, म्हणजे घाव पडल्यावर ते आपल्याकडे खेचत मुळाच्या खाली जातं आणि मग दांडा वर उचलला की ढेकूळ उलटतं. पातं फार बाहेर उघडं असेल तर कमरेतून जास्त वाकावं लागतं, तासाभरात पाठ बोलायला लागते. दांडा जमिनीवर उभा धरला तर माझ्या कमरेच्या जरा वर येतो एवढाच ठेवलाय, घरातल्या पुरुषमाणसाच्या मापाची कुदळ बाईने वापरू नये, खांदे भरून येतात.

आता घाणेरीवर कशी चालते ते. आधी कोयत्याने वरच्या फांद्या उतरवून घ्यायच्या, नाहीतर काटे तोंडावर येतात. काठीने आपटून घ्यायचं, जाळीत घोणस बसलेली असू शकते, त्यामुळे गमबूट आणि जाड हातमोजे घालाच. मग बुडख्याजवळ उभं राहून कुदळ तिरकी, मातीच्या खाली मारायची. घाणेरीचा फुटवा येतो तो खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतून, म्हणून त्या गाठीच्या खाली मुख्य मूळ तुटलं पाहिजे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरी काढायची जी पद्धत बसवली ती याच अवजारावर उभी आहे, लांब दांड्याच्या कुदळीने जमिनीच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली मुख्य मूळ तोडायचं आणि निघालेलं अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं म्हणजे मुळांना माती लागत नाही आणि ते परत धरत नाही. औषध नाही, जाळणं नाही. मी तसंच केलं आणि तोडलेल्या बुडख्यांतून फुटवा जवळजवळ आलाच नाही. बारकी रोपं मात्र येत राहतात कारण बुलबुल फळं खाऊन बिया टाकतात, ती पुढच्या पावसाळ्यात ओल्या मातीतून हाताने उपटायची, सोपी निघतात. फळं धरायच्या आत झुडपं काढली तर हे कामही कमी होतं.

वेळ सांभाळा. एप्रिल-मे मधे मुरमाड जमीन दगड झालेली असते, कुदळ उसळून अंगावर येते. एक-दोन चांगले पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की तीच कुदळ अशी जाते की काम निम्म्यावर येतं. डोक्याच्या वर उचलून जोरात मारायची गरज नाही, खांद्यापर्यंत उचला आणि तिचं वजन तिला खाली नेऊ द्या, मधून मधून पुढचा हात बदला.

हरळीसाठी पण चांगली आहे पण तिथे तुकडे करायचे नाहीत, हरळीच्या प्रत्येक कांडीला मुळं फुटतात, रोटाव्हेटर मारलेल्या रानात ती आणखी पसरते ती याच कारणाने. कुदळ खोल घालून ढेकूळ उलटं करा, कांड्या हाताने ओढून काढा, बाकी उन्हात वाळू द्या. आणि लव्हाळ्याला म्हणजे नागरमोथ्याला मात्र ही कुदळ उपयोगाची नाही. खाली गाठींची माळ असते, घाव बसला की माळ तुटते आणि प्रत्येक गाठ वेगळी उगवते. आमच्या खालच्या ओलसर कोपऱ्यात तोच आहे, तिथे मी खुरप्याने एकेक गाठ काढतेय आणि हे काम अजून संपलेलं नाही.

तक्रार एकच, दांडा. त्यांनी दिलेला दांडा ओल्या लाकडाचा होता, उन्हाळ्यात आटला आणि पातं खुळखुळायला लागलं. रात्रभर पाण्यात ठेवला की घट्ट होतो पण वाळला की परत तेच. मी शेवटी सुताराकडून वाळलेल्या बाभळीचा दांडा करून घेतला, वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळता, तो वरून घालायचा म्हणजे प्रत्येक घावाला पातं निसटायच्या ऐवजी आवळत जातं. वर पाचर ठोकली आणि जवसाचं तेल चोळलं, तेव्हापासून हललेलं नाही. तुम्ही पण लोखंड लोहाराकडून आणि दांडा सुताराकडून असंच करा.

साफ झालेल्या भागात हिरवळीचं खत म्हणून ताग पेरला होता, फुलावर आल्यावर साधारण दीड महिन्याने कापून कुदळीनेच मातीत गाडला. आता तिथे घेवडा आणि तूर आहे. जमीन मोकळी ठेवू नका, मोकळी दिसली की गाजर गवत पहिलं येतं.

पैसे: कुदळीचे ४५०, सुताराच्या दांड्याचे २०० वेगळे. भाव करता येतो पण मी केला नाही आणि तुम्हीही करू नका, कोळसा आणि दोन माणसांची मेहनत बघितली तर हे काहीच नाही. पालं पावसाळ्यात हलतात, म्हणून कुदळ मे महिन्यातच घेऊन ठेवा, आणि धार बोथट झाली की कानशीने घरीच एका बाजूने घासा, गरगर फिरणाऱ्या ग्राइंडरवर नेऊ नका, पातं निळं पडेपर्यंत तापतं आणि धारेला दिलेलं पाणी उतरतं.