जुन्या बोटीची इंधननळी: तांबे ठेवावे की रबर घालावे?

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील बोटी डागडुजीला लागतात आणि इंधनाच्या नळ्या बदलण्यास हाच काळ सोयीचा असतो. प्रश्न असतो तो तांब्याची जुनी नळी ठेवावी की रबरी होज घालावा, याचा.

तांब्यातून इंधन झिरपत नाही, ते आगीत चटकन दगा देत नाही आणि उंदीरही ते कुरतडू शकत नाहीत. मात्र इंजिनाच्या थरथरीने तांबे हळूहळू कडक होते आणि नटाखालच्या फ्लेअरपाशी, म्हणजे नळीच्या पसरट केलेल्या तोंडापाशी, केसासारखी चीर पडते. ही चीर ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी आणि पंप यांच्या मध्ये, असेल तर डिझेल बाहेर न गळता उलट हवाच आत खेचली जाते, त्यामुळे तळ कोरडा दिसतो आणि इंजिन मात्र भर समुद्रात बंद पडते. शिवाय तांब्यामुळे उभ्या बोटीतले डिझेल लवकर बिघडून चिकट गाळ धरते. सांगाड्याला घट्ट बसवलेली, सरळ धावेची नळी सुस्थितीत असेल तर ती राहू द्यावी. इंजिनाकडचा शेवटचा तुकडा मात्र लवचीक होजचाच हवा.

होज घेताना त्यावर आयएसओ ७८४० ही छापील खूण पाहावी, कारण या प्रतीच्या होजला अडीच मिनिटे ज्वाळेत टिकण्याची चाचणी द्यावी लागते; आयएसओ ८४६९ ला ती अट नाही. इंजिनाच्या खणात पहिलीच प्रत घालावी, पैसे वाचवायचे ते दुसरीकडे वाचवावेत. रबराचा खरा धोका आत असतो: बाहेरून धड दिसणाऱ्या जुन्या होजचे आतले अस्तर सुटते आणि वेग वाढवताच ओढीने दुमडून मार्ग अडवते. इंजिन मंद गतीला सुरळीत चालते, वेग दिला की दम सोडते आणि दोष मात्र फिल्टरला दिला जातो.

पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त असते आणि तिच्यातले बुडबुडेही दिसतात, पण उष्णतेने ती मऊ पडते, पुढे ताठर होते आणि आगीत सर्वांआधी वितळते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही टाळावा, कारण जस्त आणि डिझेल यांच्या संयोगातून तयार होणारा साबणासारखा थर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, तुंबवतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, विचार वेगळा करावा लागतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रतीचे रबर त्याने फुगते, म्हणून इथेनॉलला चालणारा होज मागावा आणि हाताने दाबायचा रबरी गोळाही त्याच वेळी बदलावा. जुना होज स्वच्छ फडक्याने पुसून पाहावा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर होज झिरपू लागला आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते.

उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी परतीची नळीही याच खेपेस बदलावी. व्यास पूर्वीचाच ठेवावा आणि क्लिप स्टेनलेस स्टीलच्या, आतून गुळगुळीत पट्टीच्या घ्याव्यात, कारण खाचा आरपार कापलेली पट्टी होजमध्ये रुतते. शेवटी फिल्टरपासून सुरुवात करून इंधनमार्गातली हवा काढावी आणि बोट पाण्यात लोटल्यावर धक्क्यालाच बांधलेली असताना इंजिन भार देऊन चालवून पाहावे.