थेरपिस्ट आपल्यातला बरा की बाहेरचा?

सिॲटलमध्ये थेरपिस्ट शोधताना डिरेक्टरीत ‘पीपल ऑफ कलर’चा, म्हणजे गोरे नसलेल्यांचा, फिल्टर लावला की आपण सगळे एकाच खणात पडतो. निवड त्यापुढे सुरू होते. पुण्या-मुंबईचा ऑनलाइन समुपदेशक मी लवकर बाद केला. मराठीत मोकळं होता येतं, पण उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, खर्च खिशातून, आणि इथे लायसन्स राज्यागणिक वेगळं. उरले दोन: इथला देसी आणि इथलाच, पण आपल्या समाजाबाहेरचा.

देसीची बाजू भक्कम आहे. गावी पैसे का पाठवतो, मीटिंग सोडून आईचा फोन का उचलतो, हे समजावण्यात अर्धा तास जात नाही. ‘बाउंड्री आखा’ हा सल्ला तरी ऐकावा लागत नाही. बऱ्याच जणांना मी हाच पर्याय सुचवेन.

मला नडलं ते वेगळंच. पहिल्याच भेटीत, फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलेलं असताना, “मूळचे कुठले तुम्ही?” आणि पाठोपाठ, “घरी व्हेजच का?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण हे प्रश्न कुठे जातात ते आम्हाला होस्टेलपासून पाठ आहे. 14 एप्रिलची रजा टाकताना ऑफिसात भलतंच कारण देतो, हे सांगायला गेलो होतो. तेच गिळलं आणि झोपेच्या तक्रारीवर तास काढला. सिॲटलने 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं हे असं पहिलं शहर. इथे जात आलीच नसती, तर कायदा कशाला लागला असता?

नंतरच्या बाई ब्लॅक आहेत. त्यांना जात अगदी मुळापासून सांगावी लागली, त्यात वेळ गेलाच. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेतली कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू त्या वापरतात, म्हणजे माणसाचा त्रास त्याच्या संस्कृतीच्या अंगाने समजून घेतात. 16 प्रश्नांची ही मुलाखत 2013 पासून आहे. त्यातला एक प्रश्न साधारण असा: हा त्रास तुम्ही घरच्यांना, आपल्या लोकांना कसा सांगाल? मी म्हटलं, घरी सांगतो की साहेब चांगला आहे, जेवण वेळेवर होतं. मग आडनावाचा विषय आपोआप निघाला. “तुम्हाला नुसतं तसं वाटलं असेल का?” असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

उणिवा आहेतच. वेटिंग लिस्ट लांब, आणि राग आला तरी शिव्या इंग्रजीत द्याव्या लागतात. जातीचा काच ज्यांना कधी जाणवला नाही, त्यांना देसीच सोयीचा पडेल. बाकीच्यांनी पहिल्या ओळखीच्या फोनवरच विचारून घ्यावं: जातीवरून त्रास झालेलं कुणी आलं, तर तुम्ही सुरुवात कुठून करता? “मला माहीत नाही, सांगा” हे उत्तर मला चालतं. “आता तसं काही राहिलं नाही हो” असं आलं, तर आभार मानून यादीतलं पुढचं नाव लावावं.